कुठलाही डोंगर कुठेच नसतो

एक काम करा. वहीचं मागचं पान उघडा आणि अर्ध्या मिनिटात एक डोंगर काढा. फार विचार करू नका, हात जाईल तसा काढा.

काढलात? दोन-तीन त्रिकोण, मधून उगवणारा अर्धा सूर्य, खाली येता येता रुंद होणारी नदी, काठावर एक झोपडी आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. बरोबर ना? लाजू नका. मी २२ वर्षांची आहे, मास कॉमची डिग्री घेतलीये, तरी अगदी परवापर्यंत मीही हाच डोंगर काढत होते. चौथीतल्या चित्रकलेच्या तासाला शिकलेला तो डोंगर आपल्या हातात बसलाय.

गंमत अशी की एखाददुसरा सुळका सोडला, तर हा त्रिकोणी डोंगर आपल्याकडे फारसा दिसतच नाही. लोणावळा, माळशेज, पाचगणी, राजगड, हरिश्चंद्रगड, कुठेही जा. सह्याद्रीचे माथे बहुतेक सपाट असतात. कडे सरळ तुटलेले असतात आणि मधे पायऱ्या असतात. आपण ट्रेकला जातो, हजार फोटो काढतो, स्टेटस टाकतो आणि घरी येऊन पुन्हा त्रिकोणच काढतो.

हे मला कळलं ते एका खेळण्यातल्या रेल्वेमुळे. आज त्याबद्दलच बोलायचंय.

छान आहे, पण कुठला?

माझा मामा रेल्वेतून रिटायर झालाय. त्याच्या चिंचवडच्या फ्लॅटमध्ये बंद केलेल्या गॅलरीत आठ बाय चार फुटांचा एक प्लायवूड आहे आणि त्यावर त्याचा भोर घाट. मॉडेल रेल्वे हा त्याचा छंद. इंजिनं आणि डबे त्याने दहा-बारा वर्षांत एकेक करून जमवलेत. रूळ टाकून झाले होते, वायरिंग झालं होतं, गाडी गोल फिरत होती. फक्त डोंगर राहिला होता. मला मे महिन्यात सुट्टी होती. मामा म्हणाला, "तुझा हात बरा आहे. डोंगर तू कर."

मी म्हटलं, त्यात काय! एका रविवारात वर्तमानपत्राचे बोळे रचले, वर प्लास्टर ऑफ पॅरिस थापलं, चॉकलेटी पोस्टर कलर मारला आणि हिरवा भुसा भुरभुरवला. रील शूट करायला मोबाइलही लावून ठेवला होता.

झालेला डोंगर चॉकलेट आइस्क्रीमवर पिस्ता पेरल्यासारखा दिसत होता. मामाने चष्मा वर करून नीट बघितलं.

"छान आहे. कुठला आहे?"

"कुठला म्हणजे? डोंगर आहे, मामा."

"ते दिसतंय. पण कुठला?"

"कुठलाही."

"अगं, कुठलाही डोंगर कुठेच नसतो," एवढं म्हणून तो चहा ठेवायला गेला.

मला राग आला. पण वाक्य डोक्यात राहिलं. आता दोन महिन्यांनी, बोटांना प्लास्टर लावून लावून, माझं मत झालंय की मामा बरोबर होता आणि ही गोष्ट फक्त खेळण्यातल्या डोंगराची नाही. आपण 'कुठलंही' करायला फार लवकर शिकतो. कुठलाही डोंगर, कुठलाही प्रोजेक्ट, कुठलीही कॅप्शन. अमुक एक करायचं, तर आधी जाऊन बघावं लागतं आणि तेच आपण टाळतो.

आठ फुटांत किती घाट मावतो?

थोडं गणित करू. घाबरू नका, सोपं आहे.

मॉडेल रेल्वेत जगभर सर्वांत जास्त चालणारं माप म्हणजे एचओ. यात प्रत्येक गोष्ट खऱ्याच्या १/८७ असते. तुमची उंची साडेपाच फूट असेल, तर या जगात तुम्ही दोन सेंटिमीटरसुद्धा नाही. दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर.

आता भोर घाट घ्या. १८६३ मध्ये तो सुरू झाला. पायथ्याच्या पळसदरीपासून वर लोणावळ्यापर्यंत सुमारे २५ किलोमीटरमध्ये तो सुमारे १,८०० फूट चढतो. सर्वांत तीव्र चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना गाडी एक मीटर वर जाते. हा सगळा घाट एचओ मापात जसाच्या तसा करायचा, तर डोंगर २० फुटांहून उंच लागेल आणि हॉल जवळजवळ २९० मीटर लांब. जर्मनीत हॅम्बुर्गला मिनियाटूर वुंडरलँड म्हणून जगातली सर्वांत मोठी मॉडेल रेल्वे आहे. तिथल्या स्वित्झर्लंड विभागात जवळजवळ सहा मीटर उंच डोंगर उभे केलेत. आपला भोर घाट पूर्ण मापात करायला साधारण तेवढी उंची हवी.

आणि मामाचा आठ फुटी प्लायवूड? खऱ्या जगात तो फक्त २१२ मीटर. म्हणजे प्रवासी गाडीचे नऊ-साडेनऊ डबे. बस्स.

मग करायचं काय? निवडायचं. सगळा घाट मावत नाही, तर त्यातलं काय ठेवलं की बघणारा लगेच म्हणेल, "अरे, हा तर खंडाळा"? एक कडा? एक बोगदा? दरीच्या तोंडाशी असलेला एक वळसा? इंटर्न म्हणून मला रोज चारशे शब्दांत बातमी बसवायला सांगतात, तेव्हा मी हेच करत असते, किंवा करायला हवं असतं. पण काय ठेवायचं हे ठरवायला आधी सगळं माहीत असावं लागतं. मला भोर घाटाबद्दल काय माहीत होतं? कर्जतला मागून बँकर इंजिन लागतं, तेवढ्यात खाली उतरून वडापाव घ्यायचा. इतकंच.

व्हिडिओतला डोंगर परदेशी निघाला

दुसऱ्या प्रयत्नाआधी मी आपल्या पिढीचं आवडतं काम केलं. यूट्यूब लावलं. तिथे डोंगर करण्यावर अक्षरशः शेकडो व्हिडिओ आहेत आणि खूप चांगले आहेत. हा छंद अमेरिकेत आणि युरोपात मुरलेला आहे. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावात जॉन ॲलन नावाचा एक फोटोग्राफर होता. त्याने घराच्या तळघरात 'गोरी अँड डिफीटेड' नावाची काल्पनिक रेल्वे उभी केली आणि तिच्यासाठी जमिनीपासून छतापर्यंत डोंगर चढवले. त्या डोंगरांचे फोटो बघून अनेकांनी हा छंद धरला. १९७३ मध्ये तो गेला आणि त्यानंतर काही दिवसांतच आगीत त्याचा बहुतेक लेआउट जळाला. फोटो मात्र उरले.

त्या लोकांची कारागिरी मानलीच पाहिजे. फक्त एक गोष्ट मी विसरले. त्यांचे डोंगर त्यांचे आहेत. तिरपे थर, टोकदार शिखरं, बर्फ, पाइनची झाडं. मी जशीच्या तशी नक्कल केली आणि मामाच्या पुणे-मुंबई गाडीच्या मागे कोलोरॅडो उगवला. मग एका एआय ॲपला सांगितलं, सह्याद्रीतला रेल्वेमार्ग काढ. त्याने मस्त चकचकीत चित्र दिलं. उतारावर पुन्हा पाइन आणि मागे पुन्हा त्रिकोण. त्याने मला जगातल्या सगळ्या डोंगरांची सरासरी काढून दिली होती. म्हणजे मामाच्या भाषेत, कुठलाही डोंगर.

मामाने तो कोलोरॅडोही शांतपणे बघितला आणि म्हणाला, "उद्या लोणावळ्याहून कर्जतला जा आणि परत ये. खिडकी पकड. मोबाइल बॅगेत."

खिडकीतून दिसलेल्या पायऱ्या

हा प्रवास मी शंभर वेळा केला असेल. पण त्या दिवशी पहिल्यांदा मी डोंगराकडे काम म्हणून बघितलं. मांडीवर वही होती.

पहिली गोष्ट दिसली, आडव्या रेघा. समोरच्या डोंगरावर सरळ कडा, मग हिरवा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. दरीपलीकडच्या डोंगरावरही साधारण त्याच पट्ट्या. कुणीतरी पट्टी ठेवून आखल्यासारख्या.

यामागचं कारण आपण अकरावीच्या भूगोलात वाचून विसरलोय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला, थंड झाला, पुन्हा त्यावर नवा वाहिला. असे थरावर थर बसत गेले. काही थर घट्ट, काही सच्छिद्र आणि मऊ. घट्ट थर कडा होऊन उभा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो. म्हणून पायऱ्या. इंग्रजीत याला डेक्कन ट्रॅप म्हणतात. आता 'ट्रॅप' म्हणजे सापळा नाही बरं का, तो शब्द पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. परक्या अभ्यासकांनी आपल्या डोंगराचं नाव पायऱ्यांवरून ठेवलं आणि आपण मात्र त्रिकोण काढत बसलो!

दुसरी गोष्ट, रंग. आपण म्हणतो काळा कातळ. खिडकीतून बघितलं तर काळा फार थोडा. राखाडी होता, मातकट होता, गंजलेल्या पत्र्यासारखा होता, मधेच दगडफुलाचे पांढुरके ठिपके. खरा काळा रंग होता तो पावसाळी धबधब्यांच्या वाटांवर, कड्यावरून खाली ओघळलेल्या पट्ट्यांमध्ये. दोन थरांच्या मधे कुठे कुठे विटकरी रेघ दिसते. ती दोन लाव्हांच्या मधल्या शांत काळात तयार झालेली माती, वरच्या लाव्ह्याने भाजून निघालेली.

तिसरी गोष्ट, माणसाने फोडलेला खडक वेगळा दिसतो. रुळांना खेटून असलेली भिंत धारदार आणि कोनदार. दूरचा नैसर्गिक कडा झिजलेला, कडा असूनही कडांना गोलाई असलेला. त्या धारदार भिंतींवर ठिकठिकाणी दरड अडवायला लोखंडी जाळ्या लावल्यात. १८५६ ते १८६३ या काळात हा घाट हजारो मजुरांनी सुरुंग लावून, हाताने फोडून काढला. साथीच्या रोगांनी आणि अपघातांनी त्यातले कितीतरी गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि कंत्राट पुढे नेलं ते त्याच्या बायकोने, ॲलिसने. मी त्या भिंतीला शंभर वेळा घासून गेले होते. ती कुणीतरी फोडलेली भिंत आहे, हे एकदाही जाणवलं नव्हतं.

चौथी गोष्ट मामाने मुद्दाम विचारली होती. बोगदा का आहे? नवशिके लोक सपाट रूळ टाकतात आणि नंतर बोगदा हवा म्हणून त्यावर एक उशी ठेवल्यासारखा डोंगर ठेवतात. मग गाडी अशा डोंगरातून जाते, ज्याला ती आरामात वळसा घालू शकली असती. खऱ्या घाटात डोंगर आधी होता, रूळ नंतर आले. प्रत्येक बोगद्याला कारण आहे. एका बाजूला दरी, समोर डोंगराची सोंड, जाणार कुठून?

संध्याकाळी परत आले तेव्हा वहीची सहा पानं भरली होती. एकही फोटो काढला नव्हता.

आता हात घाला

करायचं कसं, हेही सांगते. कारण हा छंद श्रीमंतांचा आहे असं तुम्ही मनात म्हणालाच असाल. गाडीपुरतं ते खरं आहे. बाहेरून येणाऱ्या इंजिनाला हजारो रुपये पडतात. डोंगराचं तसं नाही. गाडी विकत मिळते, डोंगर मात्र करावा लागतो आणि तो रद्दीतून होतो.

सांगाडा करायला पुठ्ठ्याच्या बोटभर रुंद पट्ट्या कापायच्या आणि टोपलीसारख्या एकमेकांत विणायच्या. त्यावर प्लास्टरच्या पातळ लगद्यात बुडवलेले कागद अंथरायचे. दोन-तीन थर वाळले की टणक कवच तयार. 'मॉडेल रेलरोडर' या अमेरिकन मासिकाचा संपादक लिन वेस्टकॉट याने कवचाची ही पद्धत लोकप्रिय केली. मी ती वाचली आणि हसायलाच लागले. अहो, दिवाळीत किल्ला करताना आपण काय करतो? विटा-दगड रचायचे, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचं आणि वरून हळीव पेरायचा. तेच की! आपल्या वाड्यांतली आणि सोसायट्यांतली पोरं हे कधीपासून करतायत. आपण त्याला छंद म्हणत नाही इतकंच.

सह्याद्रीसाठी मी त्यात एक बदल केला. पॅकिंगमध्ये आलेला थर्माकोल आडव्या थरांत रचला, प्रत्येक थराची पुढची बाजू सरळ कापली आणि दोन थरांच्या मधे उतार ठेवला. म्हणजे पायऱ्या आपोआप आल्या. थर्माकोल कापताना भुसा घरभर उडतो, मामीची बोलणी खावी लागतात. पुढच्या वेळी मी पुठ्ठाच वापरणार.

मग खडक. इथे निसर्गाने एक सोय करून ठेवलीये. भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी खडकाचा फोटो काढताना शेजारी हातोडा किंवा नाणं ठेवतात, बघितलंय? कारण ते नसेल तर फोटोतला दगड मुठीएवढा आहे की घराएवढा, कळतच नाही. लहान दगडाच्या भेगा मोठ्या कड्याच्या भेगांसारख्याच दिसतात. म्हणजे टेकडीवरचा एक भेगाळ दगड हा तुमच्या जगातला तयार कडा आहे! त्यावर पातळ लेटेक्सचे चार-पाच हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा, मधे बँडेजची जाळी चिकटवायची आणि शेवटी मोज्यासारखं सोलून काढायचं. हा साचा. त्यात प्लास्टर ओतायचं, ते दह्यासारखं घट्ट व्हायला लागलं की साच्यासकट डोंगरावर दाबून धरायचं. लेटेक्स नको असेल तर अ‍ॅल्युमिनियम फॉइल चुरगळा, थोडी उलगडा आणि तिच्यावर प्लास्टर ओता. प्लास्टर अर्धओलं असताना सुरीने उभ्या भेगा आणि आडव्या सांधी कोरल्या की कातळ बोलायला लागतो.

रंग देताना एकच सल्ला. काळी बाटली उघडू नका. खूप पाणी घातलेला पिवळट मातीचा रंग इथे-तिथे ठिपक्यांनी, मग तपकिरी ठिपके, मग सगळ्यावरून अगदी पातळ काळसर पाणी. प्लास्टर ते शोषून घेतं, भेगा गडद होतात. वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर फिका राखाडी फिरवा. चित्र दहा मिनिटांत बदलतं.

माती खरीच वापरा. कपड्याने चाळलेला मुरूम टाका. फेविकॉलमध्ये पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घालून ड्रॉपरने वर सोडा. लिक्विडमुळे पाणी मातीवर थेंब होऊन बसत नाही, आत झिरपतं. पण त्याआधी चाळलेल्या मातीतून लोहचुंबक फिरवा. आपल्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. ते कण इंजिनाच्या मोटरला जाऊन चिकटतात. मी चुंबक फिरवला तेव्हा त्याला काळी मिशी आली होती. मातीत लोखंड असतं हे मी परीक्षेत लिहिलं होतं. ते डोळ्यांनी बघितलं मे महिन्यात, मामाच्या गॅलरीत.

चुकांचंही सांगते. झुडपांसाठी मी चहाचा चोथा वापरला आणि नीट वाळवला नाही. चार दिवसांत खंडाळ्याला पांढरी बुरशी आली. मामा म्हणाला, "महाबळेश्वरला बर्फ पडला म्हणून बातमी दे."

याचा उपयोग काय?

हा प्रश्न तुमच्या मनात असणार. माझ्या मैत्रिणीने तर तोंडावर विचारला, "सीव्हीत काय लिहिणार? डोंगर केला?"

काही लिहिणार नाही. पण मला जो फरक पडला तो सांगते. पूर्वी मला बातमी लिहायला सांगितली की आधी सर्च करायचे, चार लेख वाचायचे, त्यांची सरासरी काढायचे. ठिकाणी जाणं हा शेवटचा पर्याय. तुमच्या असाइनमेंट्सही अशाच होतात, खोटं सांगू नका. सबमिशनच्या आदल्या रात्री 'कुठलाही' प्रोजेक्ट तयार होतो. मार्कही मिळतात, म्हणून कळत नाही. डोंगर मात्र मार्क देत नाही. बघितलं नसेल तर ते दिसतंच.

कुणी म्हणेल, आता थ्रीडी प्रिंटर आहे, उपग्रहावरून घेतलेली उंचीची माहिती मिळते, खंडाळ्याचा डोंगर छापून काढा की. जरूर काढा. मी यंत्राच्या विरोधात नाही. पण २१२ मीटरमध्ये कुठले २१२ मीटर घ्यायचे, पावसाळ्यातले की मार्चमधले, हे प्रिंटर ठरवणार नाही. मार्चचा सह्याद्री पिवळा असतो, जुलैचा हिरवा. प्रश्न तोच राहतो. कुठला?

आणि एक डोंगर, जो मला करता आला नाही

प्लायवूडच्या एका कोपऱ्यात हातभर जागा उरली होती. मामा म्हणाला, तिथे तुझ्या आवडीचं काहीतरी कर. मी ठरवलं, आमच्या गावातल्या शाळेमागचा डोंगर करायचा. मी दहावीपर्यंत तालुक्याच्या गावात वाढले. श्रावणात शाळा आम्हाला त्या डोंगरावर न्यायची. वर एक छोटं देऊळ होतं.

आता तो डोंगर अर्धाही उरलेला नाही. तिथे खाण आहे. मी गाव सोडलं तेव्हा एका बाजूने सुरू झाली होती.

मी प्लास्टर कालवलं आणि थांबले. डोंगराचा माथा कसा होता? सपाट की उतरता? कडा शाळेच्या बाजूला होता की पलीकडे? पायऱ्या किती? मला आठवेना. दहा वर्षं रोज खिडकीतून तो दिसत होता आणि मला त्याची बाह्यरेषा आठवेना. आईला फोन केला. ती म्हणाली, डावीकडे सपाट होता बहुतेक. वर्गमैत्रीण म्हणाली, छे गं, मधे खाच होती. खूप शोधून एकच फोटो मिळाला, दहावीच्या निरोप समारंभाचा. मागे डोंगर आहे, धूसर. आणि नेमक्या माथ्यावर कुणाची तरी दोन बोटं, व्ही करून.

खाण झाली तेव्हा आमच्या गावात कुणी फार बोललं नाही. मीही नाही. खडी लागते, मला मान्य आहे. घरांना लागते, एक्स्प्रेस वेला लागली, खुद्द रेल्वेच्या रुळांखालीही तीच असते. त्या खाणीवर गावातली चार घरं चालतात, तेही खरं. म्हणून डोंगराला हातच लावू नका असं मी म्हणणार नाही. पण कुठला डोंगर घ्यायचा आणि कुठला ठेवायचा, यावर कधीतरी कुणीतरी बोलायला हवं की नको? आणि ज्याचा आकारही मला सांगता येत नाही, तो गेला म्हणून मी कुठल्या तोंडाने बोलणार? कागदावर तो गट नंबर अमुक असतो. गावाला तो 'कुठलाही' डोंगर वाटला, म्हणून सहज गेला.

अंधेरीचा गिल्बर्ट हिल ऐका. बेसॉल्टचे उभे खांब असलेला सुमारे दोनशे फुटांचा कडा. आज चहूबाजूंनी इमारतींनी वेढलेला. तो निदान उभा आहे, कारण हा साधा डोंगर नाही हे कुणालातरी दिसलं. पुण्यात वेताळ टेकडीसाठी लोक बोलतात, कारण ते रोज तिथे चालायला जातात. त्यांना तिची वाट न् वाट माहीत आहे.

तो कोपरा मी रिकामा ठेवलाय. अंदाजाने करता आला असता, कुणाला कळलंही नसतं. पण मग तो पुन्हा कुठलाही डोंगर झाला असता. मामाने त्यावर काही म्हटलं नाही. फक्त तिथे पडलेला पेचकस उचलून बाजूला ठेवला.

वहीचं ते पान

तुम्ही सगळ्यांनी मॉडेल रेल्वे सुरू करा असं माझं म्हणणं नाही. पुण्यात असाल तर कर्वे रस्त्यावरचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय एकदा बघा. १९९८ पासून ते सुरू आहे. गाड्या बघून झाल्या की जरा गाड्यांच्या मागेही बघा. येत्या दिवाळीत धाकटा भाऊ किल्ला करत असेल, तर रेडिमेड प्लास्टरचा आणू नका. त्याला विचारा, "कुठला करतोयस?" तो म्हणेल, "कुठलाही." मग पुढे काय म्हणायचं ते तुम्हाला माहीत आहे.

आणि या रविवारी तुमच्या कॉलेजमागची, घरामागची, एसटीच्या खिडकीतून दिसणारी जी कुठली टेकडी असेल, ती बघून काढा. चित्रकला येत नसली तरी चालेल. माथा सपाट की टोकदार, कडे किती, झाडं कुठे, कातळाचा रंग काय. दहा मिनिटं लागतात. त्या त्रिकोणांचं पान फाडू नका. हे नवं चित्र त्याच्या शेजारीच काढा, खाली टेकडीचं नाव लिहा आणि तारीख टाका.

करणार असाल तर हे लक्षात ठेवा

• प्लास्टर पाण्यात हळूहळू टाका. प्लास्टरमध्ये पाणी ओतलं तर गुठळ्या होतात.

• प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. बोट, हात, पाय यांचा साचा घ्यायच्या फंदात पडू नका.

• उरलेलं प्लास्टर बेसिनमध्ये ओतू नका. पाइप तुंबतो. वर्तमानपत्रावर वाळवून कचऱ्यात टाका.

• कोरडं प्लास्टर हाताळताना आणि थर्माकोल कापताना मास्क लावा. खिडकी उघडी ठेवा.

• दगड आणताना सुटा पडलेला उचला. कड्यावरून, लेण्यातून, किल्ल्याच्या भिंतीतून काढू नका.

• चहाचा चोथा दोन दिवस कडक उन्हात वाळवा. माझं ऐका.